रुखवतातली नदी

लेकीला शाळेत चित्र चिकटवायचं होतं म्हणून आज कणकेची खळ शिजवली. त्या गरम, कच्चट वासानं मला डोंगरकडा गावातल्या आमच्या ओसरीत नेऊन बसवलं.

थोरल्या आक्काचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात मांडायला ती चित्र करत होती. जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून तिनं देवघरात ठेवले आणि उरलेल्या लाल, गुलाबी, सोनेरी तुकड्यांची नदी चिकटवली. वर शाईचं आभाळ, पल्याड हिरव्या रंगाची ज्वारी. अल्याड मात्र तळहाताएवढी जागा कोरीच.

"इथं काहून काही न्हाई?" मी विचारलं.

"तिथं माझं घर करणार हाय," खळीची बोटं पुसत ती म्हणाली. "आधी सासरी जाऊन घराचा रंग तर पाहू दे."

किती हुशार आपली आक्का, असं वाटलं होतं तेव्हा. मांडवात बायांनी चित्र वाखाणलं, आणि भांड्याकुंड्यांसोबत तेही साखऱ्याला, तिच्या सासरी गेलं.

गेल्या दिवाळीत तिच्याकडं गेले, तेव्हा चित्राचं विचारलं. भाकरी थापता थापता, वर न बघताच ती म्हणाली, "असंल माळ्यावर. कोण हात लावतंय त्याला?"

मीच चढून काढलं. मांडवातून नेताना गुंडाळलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. आत झुरळांनी खळीपायी अख्खी नदी खाल्ली होती. घराची कोरी जागा तेवढी शाबूत होती. तिथं खळ कधी लागलीच नव्हती.