टेपच्या शेवटी राहिलेली आई

सरांचं खरं नाव विचारलं तर माणूस आधी डोकं खाजवेल. पण 'कशावरून सर' म्हणा, घर दाखवायला चार पावलं सोबत येईल. आयुष्यभर या माणसानं इतिहास शिकवला आणि आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. राजा शूर होता असं पोरानं म्हटलं की सर विचारणार, "कशावरून?" पुस्तकात लिहिलंय म्हणून. "पुस्तकवाल्याला कशावरून कळलं?" नव्या नवरीनं भाजीत मीठ बरोबर पडलंय म्हटलं, तेव्हाही सरांच्या तोंडून तो शब्द निसटला म्हणतात. बायकोनं त्या दिवशी जे काही ऐकवलं, त्यानंतर घरात हा प्रश्न बंद झाला. शाळेत मात्र सेवानिवृत्तीपर्यंत चालला.

ते दिवसच वेगळे होते. शाळेत नवं यंत्र आलं म्हणजे काय अप्रूप! मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, एक टेपरेकॉर्डर आणला होता. सांगायला भाषेच्या तासासाठी, पण भाषेच्या बाई त्याला हात लावायला घाबरायच्या. सरांनी तो मागून घेतला आणि सातवीच्या वर्गाला सांगितलं की आपला इतिहास आपण घरून आणायचा. शनिवारी एकानं टेपरेकॉर्डर घरी न्यायचा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं आणि सोमवारी ते सगळ्यांनी ऐकायचं. सोमवारचा तो तास म्हणजे काय सांगावं! एरवी बाकाखाली मारामाऱ्या करणारी पोरं कान टवकारून बसत. कुणाची आजी पाण्यासाठी डोंगर उतरायची ते सांगे, कुणाचे आजोबा मध्येच खोकत, आणि खोकला आला की वर्ग खूश. पन्नाशीला आलेली माणसं अजून सरांना रस्त्यात गाठून त्या खोकल्याची नक्कल करून दाखवतात.

नमुना म्हणून पहिली टेप सरांनी स्वतःच्या आईची केली होती. आई काचेच्या कारखान्यात बाटल्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायची. बोलायला बसली की समोरच्याची जांभई दिसायची नाही अशी बाई. टेपची आख्खी बाजू संपत आली तेव्हा कुठं ती थांबली. बोलली ती भट्टी विझली त्या दिवसाबद्दल, कारखाना कायमचा बंद झाला त्याबद्दल.

आता इथं या लोकांनी जे केलं ते ऐका. शाळेकडे कॅसेट एकच. सोमवारी ऐकायची आणि पुढच्या शनिवारी तिच्यावरच दुसरं भरायचं. फळा पुसून नवा धडा लिहितो ना, तसं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलणारी माणसं तर दारात बसलेली होती. ज्याला पुन्हा ऐकायचंय त्यानं समोर जाऊन बसावं, कोण नाही म्हणतंय? सरांनी आईला रीतसर विचारलंही होतं, "पुसू का गं?" तर म्हणाली, "पूस की. मी काय कुठं चाललेय?"

पण गेलीच शेवटी. दारात बसलेली ती सगळीच माणसं एकेक करून गेली, आणि मग सरांना कळलं की आपण काय पुसत होतो. फोटो आहे, लुगडं आहे, पण आवाज नाही. म्हातारपणी सरांना आईचा चेहरा लख्ख आठवे, आवाज मात्र काही केल्या कानाशी येईना. याचं दुःख ते कुणाला सांगत नसत. सांगणार तरी काय, स्वतःच्या हातानं पुसला म्हणून?

अशात एका दुपारी चिमणी आली. चिमणी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. वर्गात सारखी चिवचिव करायची म्हणून सरांनीच ठेवलेलं नाव. आता ती त्याच शाळेत इतिहास शिकवते आणि सरांच्याच खोलीत शिकवते. फक्त खडूचा फळा जाऊन तिथं बोट लावलं की चित्र हलणारा फळा आलाय.

"सर, फुटक्या पृथ्वीगोलांच्या कपाटात तुमची कॅसेट सापडली," ती म्हणाली. "शाळेच्या संगणकावर घेतली, खरखर काढून टाकली. सुरुवातीपासून सगळं कुणाचे तरी खोकणारे आजोबा आहेत. पण अगदी शेवटी एक बाई बोलतात."

सर खुर्चीत सरळ झाले. गोष्ट साधी होती. त्या कॅसेटवर कितीही जण बोलले तरी आईएवढं लांब कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यांचं बोलणं संपल्यावर उरलेल्या टेपवर आईचं शेपूट तसंच शाबूत होतं. चिमणीनं मोबाइलचं बटण दाबलं.

"...असं झालं बाबा ते सगळं. संपलं का रे तुझं? बंद कर ते यंत्र आता. आणि तिकडं बघा गं कुणीतरी, दूध उतू जाईल."

बस, एवढंच. सरांनी ते परत लावायला सांगितलं, परत, परत. मग उठून आत गेले, तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "डोळ्यांत काहीतरी गेलं." चिमणीनं कशावरून असं विचारलं नाही. शहाणी मुलगी.

पण तिच्या मनात पुढचं होतं. "सर, एवढ्या आवाजावरून यंत्र त्याच आवाजात वाटेल ते वाचून दाखवतं. भट्टी विझली ती गोष्ट तुम्ही आम्हाला दर वर्षी सांगायचात. ती लिहून द्या. फळ्यावर कारखान्याचं चित्र आणि आजी स्वतः सांगतायत! शुक्रवारी सातवीचा तास आहे, पोरं वेडी होतील."

सरांनी लिहून दिलं. तोंडपाठच होतं त्यांना. मॅनेजर भट्टी विझवायला माणसं घेऊन आला, तशी आई बायकांच्या घोळक्यातून पुढे झाली, दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, 'ही भट्टी म्हणजे माझ्या पोरांचं ताट आहे. आधी मला उचला.' ही गोष्ट ऐकून मोठी झालेली पोरं आज आजोबा व्हायला आलीत.

दुसऱ्या दिवशी चिमणीनं मोबाइलवर ते पाठवलं. आणि काय सांगू, आईच! तोच किंचित घोगरा सूर, तेच वाक्याच्या शेवटी खाली येणं. सरांनी ते जेवताना ऐकलं, फिरायला जाताना ऐकलं, झोपायच्या आधी ऐकलं. हरवलेलं माणूस घरी परत आल्यासारखा आनंद त्यांना झाला होता, आणि तो लपवायचं वय आता राहिलं नव्हतं.

एवढा आनंद एकट्यानं खाणं बरं नव्हे, म्हणून सर ताईकडे गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे लेकाकडे राहते. गुडघे गेलेत, जीभ मात्र धडधाकट आहे. सरांनी काही न सांगता आधी यंत्राची गोष्ट लावली. ताई हातातलं निवडणं थांबवून ऐकत राहिली. डोळे भरून आले तिचे. संपल्यावर पदरानं नाक पुसून म्हणाली, "आवाज आईचाच. पण धाकट्या, हे आई कधी म्हणाली?"

"कधी म्हणजे? टेपवर बोलली होती ना. तेच मी लिहून दिलं."

"खोटं. ते आईनं नव्हतं म्हटलं. आपल्या शेजारची, आईबरोबर कारखान्यात जायची ती लंबू मावशी, तिनं म्हटलं होतं. आडवी तीच उभी राहिली होती. आई मागे होती, पार मागे, पेंढ्याच्या ढिगापाशी."

सरांचा चेहरा उतरला. आणि मग या वयातही, थोरल्या बहिणीला, त्यांनी विचारलंच, "कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी तिथं होते म्हणून," ताई उसळली. "माहेरपणाला आले होते मी. तू ते यंत्र मांडून आईला बोलतं करत होतास, आणि मी स्टोव्हपाशी. लाव ते शेवटचं."

सरांनी खरी टेप लावली. दूध उतू जाईल, असं आई म्हणाली, तशी ताईनं मांडीवर हात मारला. "बघ! ते मला म्हणाली. आणि गेलंच होतं उतू, कारण मी दुधाकडे कशाला बघतेय, मी आईचं ऐकत होते. लंबू मावशी आडवी उभी राहिली हे तिनंच सांगितलं. तूही ऐकलंस. मग दर वर्षी पोरांना सांगता सांगता तूच मावशीला मागे ढकललंस आणि आईला पुढे आणलंस. हे काही लबाडी म्हणून नाही रे. आई सगळ्यांनाच पुढे दिसावीशी वाटते."

सर चपला घालून निघाले. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण चुकीचं सांगितलं ते एक वेळ ठीक, माणूस चुकतो. पण उद्या ते आईच्या तोंडून सांगितलं जाणार होतं. तिच्या आवाजाला कोण कशावरून म्हणणार? पोरं मोठी होतील, आपल्या पोरांना सांगतील की आम्ही स्वतः ऐकलंय. आणि ज्या बाईनं मॅनेजरला अडवलं, तिचं नामोनिशाण राहणार नाही.

शुक्रवारी ते तासाच्या आधीच शाळेत पोचले. चिमणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना सर? मजकूर बदलते. ताई म्हणतात तसं लिहून द्या, यंत्र लगेच वाचेल. आवाज तोच राहील."

इथं सर अडखळले. मोह काय कमी होता? आवाज तोच राहणार होता. हात लावला तर परत आई बोलणार होती, आणि या वेळी खरं बोलणार होती.

"नको," शेवटी म्हणाले. "हे पूस. आई दूध म्हणाली तेवढंच ठेव, तेवढंच तिचं आहे. बाकीचं ज्यानं ऐकलंय त्याच्याच तोंडून येऊ दे. रिक्षा बाहेर उभी आहे, ताईला आत आणायला जरा हात लाव."

चिमणीनं सरांकडे एकदा पाहिलं आणि ते पुसून टाकलं. सरांनी मान दुसरीकडे वळवली होती.

ताई वर्गात खुर्चीवर बसली. आधी फळ्यावरून आईचं शेपूट ऐकवलं, पोरं दुधाला हसली. मग चिमणीनं आपला मोबाइल ताईसमोर ठेवला आणि ताईनं जे ऐकलं होतं तेवढंच सांगितलं. लंबू मावशी पुढे कशी झाली, काय म्हणाली, मॅनेजर कसा दोन पावलं मागे सरला. आणि आमची आई मागे उभी होती, तिचे पाय लटलट कापत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता, हे तिनंच आम्हाला सांगितलं, असंही सांगितलं. सर शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी जिला इतकी वर्षं दारात उभी करून ठेवली होती, ती पेंढ्याच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथं ती त्यांना नीट दिसली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "म्हणजे तुमची आई भित्री होती?"

ताईनं थोडा विचार केला.

"घाबरली होती," ती म्हणाली. "पण घरी गेली नाही."

सातवीच्या पोरांसमोर कशावरून सर हमसून हमसून रडले.