नियमांचा कागद

"कागद आणलाय?"

बुधवार पेठेतल्या माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे कॅल्क्युलेटर मागितला की आधी हा प्रश्न यायचा. कागद म्हणजे परीक्षेच्या नियमांचा. तो नसेल तर गिऱ्हाईक परत. एकदा एक गृहस्थ चिडले, "अहो, पैसे देतोय ना मी?" दुकानदार शांतपणे म्हणाले, "पैसे सगळेच देतात. कागद कोणी आणत नाही."

कागद आणलाच, तर भिंग लावून ओळन्‌ओळ वाचायचे. एखाद्या इंग्रजी शब्दावर अडले की शेजारच्या पुस्तकवाल्याला विचारून यायचे. तोवर गिऱ्हाईक ताटकळत उभं. पुण्यात याचं कोणाला नवल नाही, लोक हसायचे. मीही हसायचो, पण मला लाज वाटायची. का, ते सांगतो; त्यांना ही सवय लागण्याआधीची गोष्ट आहे.

सदाशिव पेठेत माझा गणिताचा क्लास होता. घरटी एक पोर अमेरिकेला निघालं होतं, आणि तिकडच्या कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी मी करून घ्यायचो. या दुकानदारांची मुलगी माझ्याकडे यायची. फार हुशार, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाऊ शकणार होती. त्या परीक्षेला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर नेता येई. एक दिवस ते मुलीला घेऊन आले आणि नियमांचा कागद माझ्यापुढे केला.

"सर, इंग्रजी फार बारीक आहे. आपण बघून सांगा, हिला कोणता देऊ?"

मी कागद पेपरवेटखाली सरकवला. "अहो, दुकान तुमचं. त्यातला सर्वांत भारी द्या."

बापाने भारीच दिला, टाइपरायटरसारख्या अक्षरांच्या कळांचा. पोरीने सहा महिने त्यावरच हात बसवला. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाने तो दारातच काढून घेतला. तसल्या कळांचं यंत्र चालत नव्हतं, आणि हे त्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं. ती नुसती पेन्सिल घेऊन बसली आणि गडबडली. पुन्हा बसायला मुदत उरली नव्हती. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती हुकली. पुढे ती कॉल सेंटरला लागली. तिथे तिचं नाव नॅन्सी ठेवलं. "रोज अमेरिकेशी बोलते," ते सांगायचे, आणि हसायचे नाहीत.

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चूक माझी. दुकानदाराला आपला माल कळायला नको?" वर नवी मुलं माझ्याकडेच धाडायचे. मी तोंड शिवून बसलो. क्लास जोरात चालला होता.

ते गेले. दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो. मुलगी कपाटं रिकामी करत होती. इतक्या वर्षांनी मी म्हटलं, "चूक माझी होती. तो कागद मी वाचलाच नव्हता."

"माहीत आहे, सर. मी तिथेच उभी होते." तिने एका खोक्याला दोरी बांधली. "तुमच्याशी भांडायलाच निघाले होते मी. बाबांनी अडवलं. म्हणाले, सरांच्या भरवशावर अजून चाळीस पोरं बसली आहेत, ती आता कुठे जातील?"

तिने खणातून ते भिंग काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली, "तुम्हाला लागेल."