सात्या ओळखायला सेमाडोहला

पाच पावसाळे आमच्या घरात सात्या शिजल्या नव्हत्या. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी. यजमानांनी बांधावरून टोपलीभर अळंबी आणली, सात्याच समजून आम्ही ती रांधली, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मला त्या दिवशी उपास होता, बाकीचे गावाला गेले होते. आमचं चुकलं कुठे, एवढं मला समजून घ्यायचं होतं. म्हणून यंदा भाद्रपदात मी निघाले.

"ज्यानं दादा नेला तेच पाहाले काहून जाता, वयनी?" धाकटा दीर गणपत म्हणाला. पण पिशवी त्यानंच उचलली.

तेल्हाऱ्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा हा मोटारीचा रस्ता; दिवस जातो. परतवाड्याला धर्मशाळा आहे. भाकरी तिथूनच बांधून घ्यावी, पुढे घाटात काही मिळत नाही. तिथून बैलगाडी, घटांगला मुक्काम. नाल्याला पूर असेल तर उतरेपर्यंत बसून राहायचं. आम्ही अर्धा दिवस बसलो.

सेमाडोहची सोमीबाई कोरकू दरसाल आमच्याकडे कापणीला येते. सकाळी ती आम्हाला रानात घेऊन गेली. वारुळावर पांढऱ्या छत्र्या दिसल्या. मी एक खुडली, तशी तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"वरून नाई तोडायची. बूड पाह्य पहिले."

तिनं काडीनं माती उकरली. दांडा मुळीसारखा खोल वारुळात गेला होता. पुढे झाडाखाली तशीच पांढरी छत्री होती, पण तिच्या गळ्याला झालर आणि उकरल्यावर बूड पांढऱ्या पिशवीत बसलेलं. "हे मरण," ती म्हणाली.

मी तिथंच बसले. आम्ही माळी. पालकाची जुडी असो की मेथीची, मातीचं बूड छाटल्याशिवाय माल घरात येत नाही. यजमानांनी अळंबीचीही बुडं बांधावरच साफ छाटली होती. रांधताना आम्ही चांदीचा रुपया टाकला. तो काळा पडला नाही म्हणून निर्धास्त झालो.

"रुपयाले काय समजते?" सोमीबाई म्हणाली. "आता तू निवड."

पहिल्या दिवशी माझ्या टोपलीतून तिनं दोन काढून फेकल्या आणि बाकीच्याही शिजवू दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं एकेक उलटी करून पाहिली आणि टोपली जशीच्या तशी परत दिली. तिखट-मीठ लावून आम्ही त्या रांधल्या. मी दोनदा वाढून घेतलं.

"वयनी, जेवून राहिल्या?" गणपत बघतच राहिला.

"तूही घे."

वाचणाऱ्यांनी माझ्या लेखावर विसंबून अळंबी खाऊ नये. जाणता माणूस शेजारी उभा हवा.

घरी आल्यावर आठवड्यानं गणपत बांधावरून टोपली घेऊन आला, सगळी बुडासकट. मी एकेक पाहिली. खात्री पटेना. टोपली खड्ड्यात पुरायला सांगितली.

"इतक्या दूर जाऊन हेच शिकल्या?" धाकटी जाऊ म्हणाली.

"हेच शिकाले गेल्तो," गणपत म्हणाला, आणि वांग्याची भाजी ताटात ओढून घेतली.