बाबांच्या नखांतली माती

सकाळी जास्वंदीची कुंडी बदलली आणि ओल्या मातीचा वास हाताला राहिला. त्या वासाबरोबर हडपसरचं आमचं चर्च समोर आलं.

बाबा तिथे पाळक होते. मी लहान असताना एका ईस्टरला पहाटे त्यांनी मंडळीतल्या एका तान्ह्या मुलीचं दफन केलं. खड्डा खणणारा आलाच नाही, म्हणून कुदळही त्यांनीच धरली. तिथून ते आणि मुलीची आई थेट उपासनेला आले. आठवडाभर घोटलेला उपदेश "प्रभू उठला आहे" याच्यापुढे सरकेना. प्रभुभोजनात सगळ्यांना वाटायची भाकर मोडायला घेताना बाबांना नखांतली माती दिसली. ते हात धुवायला वळले.

पहिल्या बाकावरून ती आई म्हणाली, "राहू द्या पाळकसाहेब. तिचीच माती आहे."

बाबांनी तशीच भाकर मोडली. मला तेव्हा किळस आली होती. आज नळापाशी कधीची उभी आहे. हात धुववत नाहीत.