साठ्यांची बॅग उघडत नाही

आमच्या सर्व्हिस खात्यात माणूस रिटायर झाला तरी त्याचे किस्से कामावरच राहतात. बडोद्याच्या मकरपुऱ्यात आमचा पंपांचा कारखाना. चहाच्या सुट्टीत किस्सा सांगायला नंबर लावावा लागतो, आणि त्यातले निम्मे एअरपोर्टच्या सिक्युरिटीचे! कारण कुठे पंप बंद पडला की आमच्यापैकी कोणी तरी बडोद्याहून विमान पकडतं. बॅगेत असतं सील. म्हणजे वाटीएवढी चकचकीत रिंग, आत बारीक स्प्रिंगा. ते खराब झालं की पंप गळतो. नवं सील नाजूक, धक्का लागला की फुटतं, म्हणून ते हातातल्या बॅगेतच न्यायचं. एक्स-रेच्या पडद्यावर मात्र ते भलतंच काही तरी दिसतं!

या विषयातला अधिकारी माणूस म्हणजे मी, साठे. बारा वर्षं फिरतोय, माझी बॅग एकदाही उघडावी लागलेली नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी न विचारताही सांगतो.

*

हसमुखभाई आमचे सगळ्यांत जुने फिटर. एकदा त्यांनी बारा इंची पाना हातातल्या बॅगेत टाकला. मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. सिक्युरिटीवाल्यानं पाना बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला. त्यावर हसमुखभाईंचं नाव ठोकलेलं. आमच्या वर्कशॉपची ती रीतच आहे. प्रत्येक हत्यारावर पंच मारून आपलं नाव ठोकायचं, नाही तर संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्याच्या पेटीत सापडतं!

"इस पे नाम क्यों लिखा है?"

"कोई ले न जाए, इसलिए."

"यहाँ कौन ले जाएगा?"

हसमुखभाई शांतपणे म्हणाले, "अभी तो आप ही ले रहे हैं ना, साहेब!"

*

त्याच हसमुखभाईंना घरून छुंद्याची बरणी मिळते. कैरीचा गोड छुंदो, रस अगदी बरणीच्या तोंडापर्यंत. पुढच्या खेपेला सिक्युरिटीनं बरणी अडवली. लिक्विड आहे, चालणार नाही!

"लिक्विड?" हसमुखभाईंना हा बायकोचा अपमान वाटला. ते बाजूच्या बाकावर बसले, थेपल्यांचा डबा उघडला आणि एकेका थेपल्यावर छुंदो फासून गुंडाळ्या केल्या. उरलेला तिथेच खाऊन टाकला. रिकामी बरणी आणि भरलेला डबा घेऊन पुन्हा रांगेत उभे.

"अब जुओ साहेब, अब लिक्विड क्यां छे?"

डबा पास झाला!

*

शिर्के वेल्डर. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे ते पाच मिनिटांत कोणालाही सांगतात. त्यांचा पहिलाच विमानप्रवास. दारातून गेले, टूं टूं! बेल्ट काढला, टूं टूं! घड्याळ, चिल्लर, किल्ल्या, सगळं ट्रेमध्ये, तरी टूं टूं! पायात सेफ्टी शूज आहेत, त्यांच्या पुढच्या टोकाला लोखंड असतं, हे कोणाच्याच लक्षात येईना.

वैतागून सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "और कुछ लोहे का है?"

शिर्के छाती काढून म्हणाले, "खानदान छोड़ के कुछ नहीं!"

*

हे सगळं पाहून मी नियम केले. सील सगळ्यांत वर, सोबत कंपनीचं पत्र. चार्जर आणि वायरी वेगळ्या पिशवीत. भरण्याआधी बॅग उलटी करून झटकायची, आणि भरून झाल्यावर प्रत्येक कप्पा चाचपायचा. नव्या लोकांना मी तासभर बसवून हे शिकवतो. खात्यात त्याला 'साठेसरांचा क्लास' म्हणतात, आणि मला ते आवडतं.

*

मृणाल आमची नवी इंजिनिअर. तिची पहिली एकटीची साइट. तिथला प्लांट सकाळपासून बंद, दिवसात एकच विमान, आणि सील संध्याकाळच्या आत बसलंच पाहिजे. मॅनेजर मला म्हणाले, "साठे, सील तिच्यासोबत पोचलं पाहिजे. तुमची जबाबदारी."

मृणाल म्हणाली, "सर, मी भरते ना बॅग. क्लास केलाय मी."

"आज नको," मी म्हणालो. बॅग उलटी करून झटकली. सीलच्या डब्यात नीट बसेल असा फोम कापला. सील वर, पत्र त्याच्यावर. सगळे कप्पे चाचपले. ती हाताची घडी घालून नुसती बघत होती.

ती गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. खरं सांगतो, स्वतःच्या प्रवासाला मी कधी एवढा घाबरलो नव्हतो. तासाभरानं फोन आला.

"सर, सील पास झालं. मी गेटपाशी आहे."

"शाब्बास! मी म्हटलं नव्हतं?"

"पण सर, बॅग उघडावी लागली."

"काय? का?"

"डब्यात, फोमच्या खाली, कटर निघाला."

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, कटर मी तिथेच ठेवतो. खिसा रिकामा! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो त्यांनी ठेवून घेतला, सर. त्याच्यावर नाव ठोकलेलं होतं ना, तर त्या मॅडमनी मला विचारलं, 'ये साठे कौन है?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं, सर. म्हटलं, बॅग कशी भरायची ते हे आम्हाला शिकवतात!"