मावशींची मूठ

मित्रांनो, आज सकाळी चर्चमध्ये मी देव देतो त्या विपुल जीवनावर आवेशाने उपदेश केला. दुपारी बाळकुम भागात राहणाऱ्या एका मावशींनी मलाच धडा दिला.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे मावशींची लोकांकडची घरकामं सुटलीत, महिनाभर त्या उपासनेलाही आल्या नाहीत. म्हणून चर्चच्या मंडळीतर्फे तांदूळ-डाळीची पिशवी घेऊन मी त्यांच्याकडे गेलेलो.

त्यांनी आधी एक डबा माझ्यापुढे ठेवला. आमच्या मंडळीत भात टाकताना रोज एक मूठ तांदूळ देवासाठी काढतात आणि ते चर्चमध्ये नेऊन देतात.

"मावशी, या महिन्यात राहू द्या."

"का हो पास्टर? माझी मूठ देवाला चालत नाही? मग तुमची पिशवीही उचला!"

मी डबा घेतला. तेव्हा त्यांनी माझी पिशवी उघडली, त्यातलेही मूठभर तांदूळ डब्यात टाकले आणि हसल्या. "आता करा प्रार्थना. आणि हळू बोला, शेजारचं बाळ झोपलंय."

देवा, तुझे आभार. विपुलता काय असते, हे मी सकाळी सांगितलं आणि दुपारी पाहिलं.

आपण ज्यांना फक्त घेणारे समजतो, त्यांच्या हातून तुम्ही याआधी कधी काही घेतलं होतं?