ताईचे बूट

"चाल गं, चालून दाखव यांना."

आमच्या मालकीणबाई, वहिनी, असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि पायांत बर्फावर घसरायचे बूट. ओमानमधल्या सोहारच्या भर उन्हाळ्यात. दगडासारखे कडक, घोट्यात वाकत नाहीत. मी चालले. पाहुणे हसले. एकजण म्हणाला, "रोबोट ठेवलाय की काय?" त्यांच्या पोराने मोबाइलवर शूटिंग केलं.

ताई म्हणजे साहेब-वहिनींची मुलगी. स्कीइंगची चॅम्पियन. दर सुट्टीला गाडीने दुबईला जायची, तिथल्या बंद हॉलमधल्या बर्फावर सराव करायला. हिवाळ्यात युरोपात स्पर्धा. नवे बूट पायाला चावतात, आतलं अस्तर दबायला वेळ लागतो. तिचं आणि माझं माप एकच निघालं. मग काय, बूट मी मऊ करायचे. केर, लादी, भांडी, सगळं ते घालून. नडगी सोलून निघायची. ताई गोड बोलायची, "तुझे पाय अगदी माझ्यासारखे आहेत गं. लकी आहेस."

लकी! म्हसळ्याहून कामाला आले त्याच दिवशी साहेबांनी माझा पासपोर्ट कपाटात ठेवला. सेफ राहील म्हणे. ताई सीमा ओलांडून बर्फावर. मी फाटकापर्यंतसुद्धा विचारून.

त्या दिवशी रिकामे कप घेऊन वळले आणि जिन्यावरून कोसळले. कोपर फुटलं. वहिनी धावत आल्या, खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. मला वाटलं, लागलं का बघतायत.

त्या बुटाला चरा पडला का बघत होत्या.

तिथेच जिन्यात बसून मी बकलं सोडली. बूट त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "आता हे मी घालणार नाही. माझा पासपोर्ट द्या."

साहेब हसले. "देतो की. इन्शाल्ला."

आखातात या सुरात म्हटलेल्या इन्शाल्लाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो: कधीच नाही. व्हिसा संपून पासपोर्ट हातात येईपर्यंत मी त्याच घरात, त्याच लादीवर होते. पण अनवाणी. पुढचे नवे बूट ताईने स्वतः घातले. नडगी सोलली, रडली. मला दया आली नाही.

पुढे ती जिंकली. पेपरात मुलाखत आली, आईबाबांचे आभार, कोचचे आभार.

मी आता म्हसळ्याच्या स्टँडवर पत्रकं वाटते. आखातात निघालेल्या पोरींना सांगते, पासपोर्ट कुणाच्या कपाटात जाऊ द्यायचा नाही. एजंट येतो, म्हणतो, धंदा खराब करतेस, हल इथून.

मी हलत नाही. पायांत माझ्या स्वतःच्या चपला आहेत.